रकाने आणि ओळी, भाग ९ : मधली दरी कोणाची?

पिव्होट टेबल या आठवड्यात होणार नाही, ते पुढच्या भागात. मुकुंदवाडीहून एक शीट आली आहे आणि ती बाजूला ठेवून पुढे जायला मन होत नाही.

पाठवणारे वाचक राहायला मुकुंदवाडीत, वर्कशॉप जवळच चिकलठाणा एमआयडीसीत. टर्निंगचं जॉबवर्क. शीटमधला पार्ट म्हणजे एक साधी पिन : व्यास २० मिमी, ड्रॉइंगवर टॉलरन्स अधिक-उणे ०.०५. एका लॉटमधल्या १२५ पिना त्यांनी मायक्रोमीटरने मोजल्या, रीडिंग एकाखाली एक भरली आणि इन्सर्टमधून हिस्टोग्राम टाकला. आठ खांब आले. डावीकडून मोजलं तर ५, ९, ३५, २६, ३६, ८, ४, २. जिथे २० चा खांब सगळ्यात उंच हवा, नेमका तिथेच खड्डा.

मागच्या भागात दोन शिखरांबद्दल वाचलेलं त्यांच्या डोक्यात ताजं होतं. दोन शिखरं दिसली तर दोन ठिकाणचा माल मिसळलाय का ते बघा, असं मी म्हटलं होतं. यांच्याकडे लेथही दोनच. त्यामुळे प्रश्न सरळ आला : ‘दोन्ही मशीनचं सेटिंग वेगळं पडलंय का? सेटरला बोलावू का?’

बोलावू नका. या दरीवरून लेथला दोष देता येत नाही. ती दरी एक्सेलने खणली आहे.

त्यांच्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट ०.०१ मिमी. म्हणजे रीडिंग १९.९८ येईल, १९.९९ येईल, पण या दोघांच्या मधलं काही येणारच नाही. एक्सेलला हे ठाऊक नाही. खणाची, म्हणजे एका खांबात येणाऱ्या मापांच्या पट्ट्याची, रुंदी आपण सांगितली नाही, तर तो स्कॉटच्या नियमाने स्वतःच ठरवतो. डेव्हिड स्कॉट या संख्याशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलेला हा नियम : प्रमाण विचलनाला ३.५ ने गुणा आणि आकड्यांच्या संख्येच्या घनमुळाने भागा. इथे विचलन ०.०२ च्या आसपास आणि १२५ चं घनमूळ ५, म्हणून रुंदी आली साधारण ०.०१४. नियमात खोट नाही. पण तो सलग बदलणाऱ्या राशींसाठी आहे आणि आपली रीडिंग पायरी-पायरीने चढतात.

आता ०.०१ च्या पायऱ्यांवर ०.०१४ रुंदीचे खण ठेवून बघा. सुरुवात सगळ्यात लहान रीडिंगपासून, म्हणजे १९.९५ पासून. पहिल्या खणात १९.९५ आणि १९.९६ असे दोघे बसले. दुसऱ्यात एकटा १९.९७. तिसऱ्यात १९.९८ आणि १९.९९. चौथ्यात एकटा २०.००. पाचव्यात पुन्हा दोघे, २०.०१ आणि २०.०२. पुढचे तिन्ही खण एकेकट्याचे. लॉटमध्ये २०.०० मापाच्या पिना होत्या २६, म्हणजे कुठल्याही एका मापाच्या मानाने सर्वांत जास्त. पण डावीकडे १४ आणि २१ यांनी मिळून ३५ केले, उजवीकडे २२ आणि १४ यांनी मिळून ३६. दोघांविरुद्ध एकटा उभा राहिला म्हणून तो बुटका दिसला. खण आणखी जास्त असते, तर हा उंच-बुटका खेळ टोकापर्यंत कंगव्यासारखा दिसला असता.

जुन्या इन्स्पेक्टरांच्या टॅली शीटवर असा कंगवा उगवत नसे. कागदाच्या डाव्या कडेला १९.९५, १९.९६ अशी प्रत्येक मापाला एक ओळ, आणि पिन मोजली की त्या ओळीत एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. लॉट संपेस्तोवर हिस्टोग्राम आडवा होऊन तयार, आणि खणाची रुंदी आपोआप लीस्ट काउंटइतकीच. गुणवत्ता नियंत्रणात संख्याशास्त्र आणणारे वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते आणि महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने पुढे संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण कारखान्यांपर्यंत नेलं, त्या काळात सगळं काम असंच कागदावर चाले. नवख्या मुलाने पहिला लॉट आजही टॅलीवरच करावा असं माझं मत आहे. एक्सेल आठवडाभराने उघडलं तरी काही बिघडत नाही.

असो. शीट दुरुस्त कशी करायची?

आडव्या अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये बिन विड्थ ०.०१ टाकली की झालं, असं वाटेल. अर्धंच झालं. एक्सेल खणाची वरची कड त्याच खणात धरतो आणि पहिल्या खणात खालचीही. म्हणून पहिल्या खणात १९.९५ आणि १९.९६ पुन्हा एकत्र येतात. शिवाय आता प्रत्येक रीडिंग बरोबर कडेवर उभं आहे. संगणक ०.०१ हा आकडा आतमध्ये द्विमान पद्धतीने ठेवतो आणि तो तिथे कधीच पूर्ण बसत नाही. ०.०१ मिळवत मिळवत कडा केल्या, तर चौदाव्या-पंधराव्या दशांश स्थळी फरक साचतो आणि २०.०३ ची पिन न सांगता शेजारच्या खणात जाते. पडद्यावर दोन्ही आकडे २०.०३ असेच दिसतात, त्यामुळे शोधूनही सापडत नाही.

उपाय एकच, आणि माझा फार लाडका : कड नेहमी अर्ध्या लीस्ट काउंटवर ठेवायची. १९.९५५, १९.९६५, १९.९७५ असं करत २०.०५५ पर्यंत. या जागी कुठलंच रीडिंग येऊ शकत नाही, मग कोण कुठल्या खणात हा वादच उरत नाही. खण झाले अकरा. १२५ चं वर्गमूळही अकराच्या जवळपास येतं, म्हणजे ‘खण वर्गमुळाइतके’ हा शॉपफ्लोअरवरचा जुना ठोकताळाही खूश.

पहिल्या दोन कडा टाइप करा, दोन्ही सिलेक्ट करून खाली ओढा. शेजारच्या रकान्यात फ्रिक्वेन्सी हे फंक्शन लिहा; आधी रीडिंगचा पट्टा, मग कडांचा. नव्या एक्सेलमध्ये एंटर दाबलं की उत्तरं आपोआप खाली उतरतात. जुन्या आवृत्तीत आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये जागा आधी सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-एंटर. कडा अकरा असल्या तरी उत्तरं बारा येतील. बारावं म्हणजे शेवटच्या कडेच्याही वरचे आकडे. ते शून्य हवं. नसेल तर बहुधा कोणीतरी २०.०५ च्या जागी २०.५ टाइप केलं आहे. बाराही उत्तरांची बेरीज १२५ भरते का तेही बघा. कमी भरली तर काही रीडिंग टेक्स्ट म्हणून बसली आहेत आणि हे फंक्शन टेक्स्ट मोजत नाही. मग साधा कॉलम चार्ट टाका, खांबांमधली गॅप विड्थ शून्य करा.

त्यांच्या शीटवर मी हे केलं. आलं ते असं : १, ४, ९, १४, २१, २६, २२, १४, ८, ४, २. एकच शिखर, बरोबर २०.०० वर.

एक कंगवा मात्र खरा असतो, आणि तो एक्सेलच्या माथी मारू नये. मोजणी साध्या व्हर्नियरने केली असेल तर त्याचा लीस्ट काउंट बहुधा ०.०२. मग १९.९७, १९.९९ अशी विषम टोकाची मापं येणारच नाहीत आणि ०.०१ च्या खणांत एकाआड एक खण रिकामा दिसेल. तिथे खण ०.०२ चा करावा लागतो. पण त्याहून मोठी पंचाईत हद्दीवर आहे. या पिनेची वरची हद्द २०.०५. ०.०२ च्या व्हर्नियरवर २०.०५ ची रेघच नाही, २०.०४ आहे, त्यानंतर थेट २०.०६. आता २०.०५ ची पिन हातात असताना इन्स्पेक्टर काय लिहील? डिस्पॅचची गाडी दारात उभी असेल तर २०.०४ लिहील, आणि तशीच २०.०६ च्या जवळची पिनही २०.०४ मध्ये जाईल. डिजिटल व्हर्नियर ०.०१ दाखवतो खरा, पण त्याची अचूकता साधारण अधिक-उणे ०.०२ च असते.

टॉलरन्सच्या पूर्ण पट्ट्याच्या एक दशांश किंवा त्याहून बारीक लीस्ट काउंट हवा, हा जुना नियम इथे लागतो. इथे पट्टा ०.१०, म्हणून मायक्रोमीटर बरोबर काठावर पास. आपल्या वाचकांनी हत्यार योग्य निवडलं होतं, त्यामुळे त्यांच्या मोजणीवर आणखी बोलायला जागा नाही.

दोन लेथची शंका पुरती मिटवायची असेल, तर रीडिंगच्या शेजारी मशीन नंबरचा रकाना हवा, आणि तो त्यांच्या शीटमध्ये नाही. पुढच्या लॉटपासून तो भरायला घ्या. पिव्होट टेबल शिकताना तोच लागणार आहे. आणि इतर कोणी शीट पाठवणार असाल, तर कशाने मोजलं आणि त्याचा लीस्ट काउंट किती, हे पहिल्याच ओळीत लिहा.