यंत्रापुढे द्राक्ष ठेवण्यापूर्वी

२०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षे क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे अडचणीत आली. तिथली मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. इतका सूक्ष्म अंश सापडतो तरी कसा?

या तंत्राला लिक्विड क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खडूची भुकटी भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा त्यातले रंग वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे झाले. आज खडूच्या जागी बारीक सिलिका असते, नळी पोलादी असते आणि पंप द्रावक दाबाने पुढे ढकलतो. प्रत्येक घटक आपल्या वेळेला बाहेर पडतो आणि डिटेक्टर त्याचे शिखर पडद्यावर उमटवतो.

डिटेक्टर मात्र समोर येईल तेच सांगतो. म्हणून खरे काम आधीचे.

द्रावक अतिशुद्ध हवा. तो बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळतात आणि त्यात विरघळलेली हवा काढून टाकतात, कारण एक बुडबुडासुद्धा खोटे शिखर दाखवू शकतो. मास स्पेक्ट्रोमीटर वापरायचा असेल, तर फॉस्फेटसारखे न उडणारे क्षार द्रावकात चालत नाहीत. ते आत साचून बसतात.

मग नमुना. द्राक्षे वाटून अर्क काढायचा, चोथा वेगळा करायचा, अर्क गाळायचा. अर्क काढताना जे निसटले ते पुढे दिसणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय द्राक्षातली साखर आणि आम्ले खुणेचा जोर कमी करू शकतात. म्हणून तुलनेचे प्रमाणद्रावणही रसायनमुक्त द्राक्षाच्या अर्कातच तयार करतात.

शेवटी स्तंभ, म्हणजे ती पोलादी नळी. आलेखाची रेषा सपाट होईपर्यंत तिच्यातून द्रावक वाहू देतात. आधीच्या नमुन्याचा अंश आत राहिला, तर एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी! म्हणून रसायन नसलेला कोरा नमुनाही चालवून पाहतात.

या तपासणीच्या अहवालावर बागायतदाराची वर्षभराची मेहनत तोललेली असते. त्यातला आकडा वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: कोऱ्या नमुन्यात काय दिसले होते?