पचमढीची गोल्फयात्रा

इंदूरच्या मराठी मंडळींना क्रिकेटचे वेड लावले ते होळकरांच्या संघाने, आणि १९४५-४६ पासून आठ वर्षांत चार वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या त्या संघाच्या आठवणी आपल्या घराघरांतून अद्याप निघतात. गोल्फ मात्र या मुलखात आला तो छावणीच्या वाटेने. मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये शहरापासून सुमारे २४ किलोमीटरांवर महूची छावणी वसली, आणि तेथील मैदानावर हात बसलेल्या खेळाडूला कधी ना कधी सातपुड्यातील पचमढीचे पठार खुणावू लागते.

समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवरचे, सालवृक्षांनी वेढलेले हे स्थळ मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचे उन्हाळी ठाणे होते. कॅप्टन फॉरसाइथने १८६२ मध्ये बांधलेला बायसन लॉज तेथे आजही उभा आहे. गोल्फचे मैदान सेनेच्या अखत्यारीत असल्यामुळे प्रवासाची आखणी उलट्या क्रमाने करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: आधी सोबत्यांच्या नावांनिशी लेखी अर्ज आणि त्यावरची परवानगी, मग उताऱ्याचा बंदोबस्त, आणि रेल्वेची तिकिटे सर्वांत शेवटी.

ऋतूचा विचार त्याहून नाजूक आहे. पावसाळ्यात पठारावर मुसळधार पाऊस कोसळतो, आणि त्याच सुमारास, नागपंचमीच्या आगेमागे, नागद्वारीच्या यात्रेसाठी विदर्भातून आपल्याच भाषेचे यात्रेकरू झुंडीने येतात. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेतलेले भाविक चौरागड चढतात. त्या दिवसांत पचमढी त्यांची असते आणि ती त्यांचीच असावी. खेळाडूने नोव्हेंबर ते जानेवारीचा काळ धरावा. पहाटेच्या दवात चेंडू घरंगळत नाही, म्हणून ऊन चांगले वर येऊ द्यावे.

इंदूरहून नर्मदा एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून पिपरियाला उतरावे. तेथून मटकुलीवरून देनवा ओलांडून घाट चढणारा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरांचा आहे. नियमाने चौदा स्टिक नेता येतात, परंतु जीपच्या टपावर बांधायच्या बॅगेत सात-आठ पुरेत. चेंडू, टी आणि हातमोजे मात्र घरूनच न्यावेत, कारण झाडीत गेलेला चेंडू बहुधा परत येत नाही आणि गावच्या बाजारात दुसरा मिळेलच असा भरवसा धरू नये.

आणखी एक चौकशी अगोदर करावी: होलभोवती हिरवळ आहे की वाळू. मध्य भारतातल्या पाण्याची टंचाई असलेल्या मैदानांवर हिरवळीच्या ‘ग्रीन’ऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ करण्याची जुनी रीत आहे, आणि ज्याने आयुष्यभर गवतावरच पट मारला त्याला ती वाळू पहिल्या दिवशी पुरती गोंधळात टाकते. खेळाडू पट मारण्यापूर्वी कॅडी फळी किंवा गोणपाट ओढून चेंडूपासून होलपर्यंत पावलांच्या खुणा पुसतो आणि गुळगुळीत पट्टा तयार करतो. वाळू आज ओलसर आहे की भुरभुरीत, चेंडू डावीकडे किती ओढला जाईल, हे त्याला तळपायाने कळते. त्याची मजुरी खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवावी, ती सढळ हाताने द्यावी, आणि पहिल्या तीन होलपर्यंत तरी तो दाखवील त्याच रेषेवर चेंडू मारावा.