‘दिवसाच्या घरा’तील भाषेची उमेदवारी

मारवाड-गुजरातेतून महाराष्ट्राच्या बाजारपेठांत येऊन स्थिरावलेल्या पहिल्या पिढीतील बहुतेकांनी मराठी शाळेत बसून शिकली नाही. ती पेढीवर शिकली गेली. कोवळ्या वयाचा मुलगा नात्यातील कोणाच्या दुकानात उमेदवारीला राही, गिऱ्हाईक काय मागते ते कानांनी टिपून घेई, आणि वर्ष-दोन वर्षांत शेतकऱ्याशी त्याच्याच बोलीत भावाची घासाघीस करू लागे. व्याकरण त्याला कोणी सांगितले नव्हते; पण ‘तूर’ आणि ‘तुरी’ यांतला फरक चुकला तर पदरचे पैसे जातात, हे त्याला ठाऊक होते.

आज अशाच काही घराण्यांतील मुली-सुना उत्तर युरोपातील फिनलंड देशात, हेलसिंकी व तिला लागून असलेल्या एस्पो या शहरांत राहत आहेत. पती संगणक क्षेत्रात असतो, त्याच्या कचेरीत इंग्रजीवर भागते. अडते ते घरातील दुसऱ्या व्यक्तीचे. हातात वाणिज्य शाखेची पदवी, अंगात काम करण्याची उमेद, आणि बाहेर भाषेची भिंत. अशा वेळी अनेकींची दृष्टी बालशिक्षणाच्या क्षेत्राकडे वळते, कारण तेथे माणसांची गरज आहे. माहेरी दूरध्वनीवर हे सांगितले की पलीकडून उत्तर येते, ‘लेकरे सांभाळायला भाषा कशाला लागते?’

हा समज जितका सार्वत्रिक तितकाच चुकीचा आहे.

फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. त्याआधी सहाव्या वर्षी एक वर्षाचे पूर्वप्राथमिक शिक्षण सक्तीचे आहे. त्याहून लहान मुले जेथे दिवस घालवतात त्या संस्थेला ‘पॅइवॅकोती’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ‘दिवसाचे घर’. तीन वर्षांखालील चार मुलांमागे एक, आणि त्याहून मोठ्या सात मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती, असे प्रमाण पूर्ण दिवसासाठी ठरलेले आहे. 1 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या कायद्याने या कामाला सांभाळणे न मानता शिक्षण मानले आहे. प्रत्येक मुलासाठी पालकांशी बोलून लेखी आराखडा तयार होतो. त्याला सगळे लाडाने ‘वासु’ म्हणतात. आराखडा फिनिशमध्ये (काही ठिकाणी स्वीडिशमध्ये, कारण तीही तेथील राष्ट्रभाषा आहे) लिहायचा, आणि त्यातील शब्दांवर मुलाच्या आई-वडिलांचा विश्वास टेकलेला असतो. इंग्रजीत चालणारी बालगृहे राजधानीच्या परिसरात आहेत, परंतु बहुसंख्य नाहीत.

भाषेचे मोल कोठे कळते, तर जेवणाच्या टेबलाशी. ‘माइतो’ म्हणजे दूध. ‘माइदोतोन’ म्हणजे दूधविरहित. मराठी आपला नकार बहुधा शब्दाच्या तोंडाशी ठेवते: बिनव्याजी, बिनधास्त, निर्दोष. फिनिश तो शेपटीशी ठेवते. व्याजाला ‘कोर्को’, तर बिनव्याजी कर्ज ‘कोरोतोन’. व्यापाऱ्याच्या घरातील मुलीने हा प्रत्यय नीट ऐकला नाही तर बँकेत फार तर फसगत होईल. पण दुधाची ॲलर्जी असलेल्या तीन वर्षांच्या मुलापुढे चुकीचा पेला ठेवला गेला, तर ती चूक दुरुस्त करायला खतावणीतली लाल शाई उपयोगी नाही. म्हणून नवख्या उमेदवाराने पाठ करायच्या शब्दांत रंग, प्राणी यांच्या आधी भिंतीवर लावलेली ॲलर्जीची यादी असावी.

या भाषेची कठीण म्हणून ख्याती आहे. विभक्ती पंधरा, असे ऐकले की इंग्रजीतून शिकलेला माणूस हबकतो. मराठी बोलणाऱ्याने इतके हबकू नये. ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. ‘घर’ला ‘आत’, ‘आतून’ चिकटवण्याची सवय आपल्या जिभेला जन्मापासूनची. प्रत्यय लागताना मूळ शब्दच आतून बदलतो, ही फिनिशची दुसरी खोड: ‘कॅसी’ म्हणजे हात, पण अनेकवचनी ‘कॅदेत’, ‘वेसी’ म्हणजे पाणी, पण पाण्याचे ते ‘वेदेन’. यात नवल कसले? आपणही ‘देऊळात’ म्हणत नाही, ‘देवळात’ म्हणतो; ‘पाऊसात’ नाही, ‘पावसात’. नकारही मराठीसारखाच कर्त्याप्रमाणे रूप बदलतो. मी खात नाही, तू खात नाहीस, ते खात नाहीत. तसेच तेथे ‘एन’, ‘एत’, ‘एइवॅत’. ‘बॅट’मधला जो स्वर लिहिण्यासाठी मराठीने अर्धचंद्र स्वीकारला, तोच स्वर या भाषेत पावलोपावली येतो. आपल्या घरची भाषा व्याकरणात किती श्रीमंत आहे, हे कित्येकींना हेलसिंकीच्या वर्गात बसल्यावर प्रथम जाणवते.

खरा घाम फोडतात ते ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे. ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा, ‘तुल्लि’ म्हणजे जकात. शुद्धलेखनाच्या ज्या तासांना शाळेत कंटाळा केला, त्यांची परतफेड येथे व्याजासह होते.

आणखी एक गोष्ट पुस्तक सांगत नाही. पुस्तकातली फिनिश आणि बालगृहातली फिनिश या सख्ख्या नव्हे, चुलत बहिणी आहेत. पुस्तक ‘आम्ही जातो’ याचे संपूर्ण, नीटनेटके रूप शिकवते. बालगृहात दिवसातून पन्नासदा ऐकू येते ते ‘मेन्नॅन’, म्हणजे ‘चला, जाऊ या’. ‘कॅदेत पेस्तॅन’, हात धुऊ या. या बोलीरूपाने कोणालाही आज्ञा न देता सगळ्यांना कामाला लावता येते. ऐकून ऐकूनच ते जिभेवर बसते.

त्यासाठी उत्तम जागा म्हणजे कपडे घालण्याची खोली. पाऊस असो वा बर्फ, मुले रोज बाहेर खेळायला जातात. डिसेंबरात हेलसिंकीत सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास मावळतो, त्या अंधुक उजेडातही. सात मुलांना लोकरी मोजे, जाड अंगरखा, टोपी, बूट आणि जाड हातमोजे, ज्यांना ‘रुक्कासेत’ म्हणतात, हे सगळे क्रमाने चढवायचे. प्रत्येक वस्तूचे नाव, प्रत्येक वेळी वेगळ्या विभक्तीत, रोज. आणि मुले चुकीच्या उच्चाराला हसतात, दुरुस्तही करतात; त्यांच्याइतके निर्भीड शिक्षक प्रौढांच्या वर्गात मिळत नाहीत. ती शिक्षिकेला थेट नावाने हाक मारतात, याची मात्र ‘ताई’, ‘बाई’ ऐकलेल्या कानांना सवय व्हायला महिने लागतात.

नोकरीची वाट व्यापारी घराण्यांना अनोळखी वाटू नये. बालसंगोपकाची, म्हणजे ‘लास्तेनहोइताया’ची पात्रता व्यावसायिक शिक्षणातून मिळते, आणि त्यात ‘ओप्पिसोपिमुस’ नावाचा करार करता येतो: मालकाकडे पगारावर काम, त्यातच शिक्षण. उमेदवारीच ती. शिक्षिका होण्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते. 2030 पासून बालगृहातील दोन तृतीयांश शिक्षणकर्मी पदवीधर असावेत अशी कायद्याची अपेक्षा असल्याने, पुढे शिकण्याची तयारी आरंभापासून ठेवलेली बरी. भाषेसाठी ‘यूकी’ ही राष्ट्रीय परीक्षा आहे. तिच्या सहा पायऱ्या असून वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात.

राहिला तो प्रश्न, जो या मासिकाच्या वाचकांच्या मनात आधीपासून असणार. मांसाला फिनिशमध्ये म्हणतात ‘लिहा’. मराठी डोळ्याला तो आज्ञार्थ वाटतो, पण जैन उमेदवार पहिल्या आठवड्यात पाठ करतो तो हाच शब्द. ‘पोर्क्काना’ ऐकून दचकण्याचे कारण नाही, ते गाजर. अर्थात कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याला तेही चालायचे नाही. थंड देशाचे शाकाहारी जेवण बटाटा, गाजर, बीट आणि कांदा यांवरच बरेचसे उभे असते, तेव्हा स्वतःचा डबा नेणे हाच व्यवहार्य उपाय. पण डब्याने प्रश्न सुटत नाही. कर्मचारी मुलांसोबत टेबलाशी बसतात, दोन वर्षांच्या मुलाला घास भरवतात, आणि त्या घासात मांसाचे गोळे असू शकतात. ते आपल्या हातून वाढले जाईल का, याचे उत्तर प्रत्येकीने स्वतःशी व घरच्यांशी बोलून आधी ठरवावे आणि मुलाखतीतच स्पष्ट सांगावे. पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी मागे सरणे, किंवा मुलासमोर त्याच्या ताटातील अन्नाला नाक मुरडणे, हे त्या मुलावर अन्याय करणारे आहे. काहींनी सहकाऱ्यांशी कामाची वाटणी करून मार्ग काढावा, काहींनी हे क्षेत्र आपले नाही असे ओळखावे, दोन्ही प्रामाणिकच. हे बोलणे मात्र इंग्रजीत अर्धे-मुर्धे न उरकता फिनिशमध्ये करता यावे, कारण नियमाचे कारण समजले की तेथील माणसे तो पाळायला सहसा मदत करतात.

संध्याकाळी पालक येतात. दारात उभ्या उभ्या विचारतात, ‘मितेन पॅइवॅ मेनि?’ दिवस कसा गेला? उत्तर तीन-चार छोट्या वाक्यांचे असते: नीट जेवला, तासभर झोपला, घसरगुंडीवर पडून गुडघ्याला खरचटले, उद्या कोरडे हातमोजे पाठवा. हे न अडखळता सांगता आले आणि आई नुसती मान डोलावून, दुसऱ्या कोणाला पुन्हा न विचारता, मुलाचे बोट धरून निघाली, की त्या दिवशी उमेदवारी संपली.