पाण्याखालची पाचर

कुदळीचा दांडा सैल झाला म्हणजे त्यावरचा उपाय घरोघरीं ठाऊक असतो. दांडा आणि लोखंड यांच्या फटींत लाकडाची एक बारीक पाचर ठोकली कीं काम भागतें. ही पाचर दांड्याला चिकटत नाहीं आणि लोखंडालाहि चिकटत नाहीं. ती दोहोंच्या मध्यें अडकून बसते, आणि त्या अडकण्यानेंच दोहोंना एकजीव करून सोडते. हीच युक्ति, लाकडाऐवजीं सिमेंटची पाचर घेऊन, भर समुद्रांतील पोलादी मनोरे तळाशीं जखडण्याकरितां योजिली जाते. पातळ स्थितींत ओतलेल्या आणि मागाहून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या या सिमेंटला इंजिनियर लोक ‘ग्राउट’ म्हणतात.

सोलापूरपासून समुद्र अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेव्हां हा विषय येथील लोकांस परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्राउट ही वस्तु तितकी परकी नाहीं. दख्खनचा काळा पत्थर वरून कितीहि अभंग दिसला, तरी त्यांत भेगा असतात. विहीर खणणारा शेतकरी कातळांतील अशा भेगेचीच वाट पाहत असतो, कारण झरा तेथूनच फुटतो. विहिरीला जो झरा हवासा, तोच धरणाला नकोसा! म्हणून दगडी धरण बांधतांना पायाच्या खडकांत ओळीनें भोंकें पाडतात, आणि सिमेंट व पाणी यांचें पातळ मिश्रण त्यांत दाबानें भरतात. तें भेगाभेगांतून पसरून घट्ट झालें, म्हणजे धरणाखालीं एक अदृश्य पडदा तयार होतो. १९८० सालीं पुरें झालेलें भीमेवरील उजनीचें धरण सोलापूर जिल्ह्यांतील पुष्कळांनीं पाहिलें आहे. परंतु कोणत्याहि धरणाची जमिनीवरची भिंतच काय ती डोळ्यांस दिसते, तिच्या पायाखालीं काय केलेलें असतें हें दिसत नाहीं. या विद्येचा उगमहि पाण्याच्या बांधकामांतच आहे. १८०२ सालीं फ्रान्समधील दिएप बंदरांत शार्ल बेरिन्यी या इंजिनियरानें एका दरवाजाच्या खचत्या पायाखालीं अशाच रीतीनें मिश्रण दाबून भरलें होतें.

पाण्यांत सिमेंट घट्ट कसें होतें, ही शंका येथें सहज येईल. सिमेंट ‘वाळतें’ असें बोलण्यांत येतें. तें खरें नव्हे. ओला कपडा वाळतो तेव्हां त्यांतील पाणी निघून जातें. सिमेंट घट्ट होतें तें पाणी निघून गेल्यानें नव्हे, तर पाण्याशीं त्याचा रासायनिक संयोग झाल्यानें. म्हणूनच नव्या गिलाव्यावर गवंडी दिवसचे दिवस पाणी मारीत असतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एडिस्टन खडकावर दीपगृह उभारतांना जॉन स्मीटन यानें निरनिराळ्या चुनखडींची परीक्षा केली आणि ज्या चुनखडींत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्याखालींहि धरतो, असें दाखवून दिलें. तें दीपगृह १७५९ सालीं पुरें झालें. पुढें १८२४ सालीं जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. समुद्रतळाशीं ओतलेलें ग्राउट घट्ट होतें तें याच गुणामुळें.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या विद्येचें सर्वांत मोठें क्षेत्र म्हणजे मुंबई हाय. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर, जेथें पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल आहे, तेथें १९७४ च्या फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रानें खणलेल्या विहिरींत तेल लागलें आणि १९७६ सालीं उत्पादनास प्रारंभ झाला. पाऊणशें मीटर म्हणजे जवळजवळ पंचवीस मजली इमारत बुडेल इतकी खोली. ‘सागर सम्राट’ आपले लांब पाय तळापर्यंत सोडून उभा राहत असे आणि काम संपलें कीं पाय वर ओढून दुसरीकडे जात असे. परंतु विहिरींतून वर्षानुवर्षें तेल काढावयाचें तर कायमचे मनोरे हवेत. त्यांवर यंत्रें असतात, तेलवायूच्या नळ्या असतात, आणि कांहींवर तर रात्रंदिवस राहणारीं माणसेंहि असतात. पावसाळ्यांत अरबी समुद्र खवळला असतां तीं माणसें ज्या आधारावर निश्चिंत झोंपतात, तो आधार कसा घडतो हें पाहण्यासारखें आहे.

मनोऱ्याचा खालचा भाग म्हणजे पोलादी नळ्यांचा एक प्रचंड सांगाडा. त्याला ‘जॅकेट’ म्हणतात. तो किनाऱ्यावरील कारखान्यांत तयार करतात, बार्जवर घालून नेतात आणि नेमक्या जागीं समुद्रांत उतरवून तळावर उभा करतात. नुसता उभा केलेला हा सांगाडा मोठ्या लाटेनें कलंडेल. म्हणून कोटाच्या बाहींत हात घालावा, तसे त्याच्या पोकळ पायांतून लांबच लांब पोलादी नळखांब सोडतात आणि प्रचंड हातोड्यानें तळांत ठोकतात. या नळखांबांना ‘पाइल’ म्हणतात. एक तुकडा आंत गेला कीं त्याच्या डोक्यावर दुसरा जोडावयाचा आणि पुन्हां ठोकावयाचें, असें करीत पाइल समुद्रतळाखालीं कित्येक दशक मीटर खोल जातो. मनोऱ्याचे खरे पाय हेच.

आतां सांगाड्याचा पाय आणि त्यांतून गेलेला पाइल यांच्यामध्यें फट ही राहणारच. ती नसेल तर पाइल आंत जाणार कसा? कित्येक मनोऱ्यांत पाइलचें डोकें पाण्याच्या वर येतें, आणि तेथें तें वेल्डिंगनें सांगाड्याला जोडतां येतें. परंतु मोठ्या मनोऱ्यांना पायांच्या भोंवतीं तळाशीं आणखी पाइल द्यावे लागतात. सांगाड्याला बसविलेल्या आंखूड नळ्यांतून, म्हणजे खरोखरीच्या बाह्यांतून, ते ठोकलेले असतात आणि त्यांचीं डोकीं पाण्याखालींच राहतात. अशा ठिकाणीं मनोऱ्याचा भार पाइलवर पोंचविण्याचें काम ग्राउटवर येऊन पडतें.

तें भरण्याची रीत अशी. प्रथम सांगाडा समतल करून घेतात. फटीचें खालचें तोंड रबरी कड्यानें बंद केलेलें असतें. सिमेंट व पाणी यांचें मिश्रण वर जहाजावर यंत्रानें घोटून तयार करतात आणि नळीवाटे फटीच्या अगदीं तळाशीं पोंचवितात. तें वरून ओतीत नाहींत, याला कारण आहे. समुद्राच्या पाण्यांतून खालीं पडणारें सिमेंट पाण्यांत मिसळून विरघळलेल्या पिठासारखें निकामी होईल. खालून भरलें म्हणजे पाण्याच्या सुमारें १.९ पट जड असलेलें तें मिश्रण समुद्राच्या हलक्या पाण्याला वर लोटीत चढतें. फटीच्या वरच्या तोंडांतून आधीं पाणी, मग गढूळ मिश्रण आणि अखेर भरलें होतें तसेंच घट्टसर ग्राउट बाहेर येऊं लागलें, कीं भरणें पुरें झालें. फट दीड इंचाहून, म्हणजे ३८ मिलिमीटरहून, कमी ठेवूं नये असा दंडक आहे. त्याहून अरुंद फटींत ग्राउट अडेल आणि पोकळ्या राहतील. शिवाय सिमेंट धरत असतां सांगाडा हलतां कामा नये. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर मनोरे उभारण्याचें काम पावसाळा टाळून करतात.

या एवढ्याशा थराची ताकद किती असेल? अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेच्या नियमांत गुळगुळीत पोलादावरील ग्राउटची पकड नेहमींच्या भारासाठीं दर चौरस सेंटिमीटरला अवघी १.४ किलोग्रॅम धरलेली होती. हा आंकडा ऐकून हंसूं येईल. दीड शेर धान्याच्या पिशवीएवढा हा भार! परंतु पाइलचा व्यास १.२ मीटर आणि ग्राउट भरलेली उंची ३० मीटर समजली, तर पाइलचा पृष्ठभाग सुमारें ११३ चौरस मीटर भरतो. म्हणजे ११ लक्षांहून अधिक चौरस सेंटिमीटर झाले. त्यांस १.४ नें गुणलें कीं एका पाइलची पकड दीड हजार टनांच्या वर जाते. सोलापुरी चादरीचा एक धागा बोटांनीं तुटेल; पण हजारों उभ्या-आडव्या धाग्यांनीं एकमेकांस जेथें जेथें दाबून धरलें आहे, ती चादर कोणी फाडून दाखवावी! तेथेंहि डिंक कोठेंच नाहीं. आहे तें घर्षण आणि एकमेकांत गुंतणें. ग्राउटचें तसेंच आहे. दोन नळ्यांमध्यें तें कोंडलेलें असतें. सरकूं पाहतांच पोलादाच्या बारीकसारीक उंचवट्यांवर चढूं लागतें, तेणेंकरून नळ्यांना ताण बसतो, आणि नळ्या उलट त्यालाच आवळून धरतात. पोलादावर वेल्डिंगचे कंगोरे काढून ठेवले, तर ही पकड कित्येक पटींनीं वाढते.

पकडीचा हा विचार पाइलच्या बाहेरच्या अंगालाहि करावा लागतो. भारताच्या पश्चिमेच्या समुद्रतळावर कित्येक ठिकाणीं सागरी जीवांच्या शिंपल्यांची आणि कवचांची बनलेली चुनखडीची वाळू आहे. नदीची वाळू कठीण असते. ही कण दाबतांच चुरडणारी. ठोकलेल्या पाइलभोंवतीं तिचा भुगा होऊन पाइलवरची तिची पकड ढिली पडते. दिल्लीच्या तंत्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं १९८० च्या सुमारास या वाळूचा मुद्दाम अभ्यास केला. तिचा जगाला मिळालेला मोठा धडा मात्र ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचा. तेथील नॉर्थ रँकिन मनोऱ्याचे पाइल १९८२ च्या सुमारास ठोकले जात असतां, हातोड्याच्या घावांची वाट न पाहतां ते आपल्याच वजनानें कित्येक मीटर सरसर खालीं गेले! पुढें त्या मनोऱ्याच्या पायाला फार खर्चाची बळकटी द्यावी लागली. अशा तळांत पाइल ठोकण्याऐवजीं आधीं भोंक पाडावें, त्यांत नळखांब सोडावा आणि भोंवतालची जागा ग्राउटनें भरून काढावी, ही रीत अधिक भरंवशाची. ग्राउट वाळूच्या कणांत शिरून त्यांना न चुरडतां कवटाळतें.

आणि ग्राउटलाहि मर्यादा आहेत. उत्तर समुद्रांत वीज उत्पन्न करणाऱ्या पवनचक्क्यांची मोठीं शेतें उभीं आहेत. त्यांतील पुष्कळ चक्क्यांना चार-पांच मीटर व्यासाचा एकच पाइल असतो. त्यावर टोपणासारखी दुसरी नळी चढवून मधली फट अत्यंत कणखर ग्राउटनें भरतात. २००९-१० च्या सुमारास असें आढळून आलें, कीं अनेक चक्क्यांच्या या वरच्या नळ्या हळूहळू खालीं सरकल्या आहेत. सरकणें कांहीं सेंटिमीटरांचेंच होतें, आणि चक्की कोसळण्याची पाळी आली नाहीं. परंतु बांधकामाच्या वेळीं तात्पुरते म्हणून लावलेले आधार पाइलच्या डोक्यावर टेंकूं लागले, आणि जो भार त्यांनीं कधींच वाहावयाचा नव्हता तो त्यांच्यावर आला.

सिमेंट कच्चें होतें काय? तसें नव्हे. तेलाचा मनोरा अनेक पायांवर उभा असतो. लाटेच्या धक्क्यानें त्याचा एक पाय दाबला जातो, दुसरा उपटला जातो, आणि प्रत्येक पाइलवर भार मुख्यतः उभा येतो. पवनचक्कीला पाय एकच. वाऱ्यानें आणि लाटांनीं ती अहोरात्र मागेंपुढें वाकते आणि त्या वाकण्यानें ग्राउट एका अंगास दाबलें जातें, दुसऱ्या अंगास पोलादापासून किंचित् सुटतें. लक्षावधि वेळां असें झालें म्हणजे पृष्ठभाग झिजून गुळगुळीत होतो. त्यांत भर अशी, कीं पकडीचे नियम लहान व्यासाच्या नमुन्यांवर प्रयोग करून बसविलेले होते. नळी जसजशी रुंद आणि तिच्या मानानें पत्रा पातळ, तसतशी ती ग्राउटला कमी आवळते. लहान नमुन्याची ताकद मोठ्या नळीला लागू पडली नाहीं. पुढें नॉर्वेच्या डेट नॉर्स्के व्हेरिटास या संस्थेनें नियम सुधारले: पोलादावर कंगोरे काढावे, किंवा नळ्या किंचित् निमुळत्या कराव्या, म्हणजे सरकूं लागतांच त्या पाचरेप्रमाणें अधिकच घट्ट बसतील. कुदळीच्या दांड्याचेंच हें शहाणपण!

या साऱ्यांतून दिसून येतें तें एवढेंच, कीं ग्राउटला डिंक समजणें धोक्याचें आहे. तें पाचर आहे. आणि पाचर टिकावयाची तर तिला कोंडून धरणारें कांहीं हवें, अडकावयास खडबडीत जागा हवी, आणि ती बसत असतां सभोंवार स्थैर्य हवें. हीं तीन साधलीं तर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आंतली पकड हजारों टन तोलते. एक जरी ढळलें तरी उत्तमोत्तम सिमेंटहि सरकतें.

भारत सरकारनें २०१५ सालीं समुद्रांतील पवनऊर्जेविषयीं धोरण जाहीर केलें, आणि त्यासाठीं गुजरात व तमिळनाडूचे किनारे निवडण्यांत आले. तेथें चक्क्या उभ्या राहतील तेव्हां त्यांच्या पायांशींहि हाच प्रश्न उभा राहील. ग्राउट एकदां भरलें कीं तें उघडून पाहतां येत नाहीं. किती मिश्रण भरलें, वर आलेल्या मिश्रणाचें वजन बरोबर आहे काय, नमुन्याचे ठोकळे २८ दिवसांनीं दाबून पाहतां किती भार सोसतात, एवढ्यावरूनच त्याची पारख करावी लागते. हे आंकडे त्या दिवशीं ज्यानें चोखपणें मोजून लिहून ठेवले, त्याच्या प्रामाणिकपणावर पुढें पंचवीस-तीस पावसाळे वरचीं माणसें विसंबून राहतात.