पत्ती

दादरा रंगात आलेला असतो. बेगम अख्तर वरच्या सुराकडे निघतात आणि पोचता पोचता आवाज क्षणभर फाटतो. काच तडकते तसा नाही, जुनं सुती लुगडं टर्रकन फाटावं तसा. दुसऱ्याच क्षणी सूर जागेवर. लखनौकडचे रसिक याला 'पत्ती' म्हणतात. दुसऱ्या कुणाचा आवाज असा चिरकला तर आपण चुळबुळ करू. बाईंच्या मैफलीत लोक त्या जागेची वाट बघत बसायचे.

याच लखनौत, कैसरबागेत, नवाब वाजिद अली शहाच्या परीखान्यात एक संगीत विद्यालय आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली ते सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव होतं मॅरिस कॉलेज. पुढे अण्णासाहेब रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं प्राचार्य म्हणून सांभाळलं. वाळकेश्वरात जन्मलेल्या भातखंड्यांनी उस्तादांच्या गळ्यातल्या चिजा कागदावर उतरवल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, सप्तक सांगायला वर किंवा खाली टिंब. ही लिपी आजही गाण्याच्या क्लासात पहिल्या महिन्यात शिकवतात. पत्तीला मात्र त्यात खूण नाही. तशी ती असूही शकत नाही, कारण पत्ती हा स्वर नव्हे. तिथे स्वराच्या आतून शरीर डोकावतं.

कंठात दोन स्वरतंतू असतात, नखाएवढ्या लांबीचे. बोलताना बाईचे सेकंदाला साधारण दोनशे वेळा आणि पुरुषाचे सव्वाशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात. सूर चढवायचा तर ते ताणून पातळ करावे लागतात. एका टप्प्यावर त्यांची थरथरण्याची तऱ्हाच बदलते, छातीतला आवाज संपून डोक्यातला सुरू होतो. गवई सारी हयात हा सांधा लपवायला शिकतो. बेगम अख्तर तो उघडा ठेवत. हा दोष होता की कमावलेली कला, यावर वाद घालणारे घालोत. मला तरी ती दोषाचीच कमावलेली कला वाटते.

त्या शरीराने सोसलंही बरंच होतं. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न झालं आणि गाणं थांबलं. त्या खचल्या, अंथरुणाला खिळल्या. यांना गाऊ द्या, हेच औषध, असं तेव्हा सांगण्यात आल्याची हकिगत त्यांच्या चरित्रात येते. १९४९ मध्ये लखनौ रेडिओवर त्या पुन्हा गायल्या. सिगारेट त्यांच्या हातातून कधी सुटली नाही. धुरामुळे स्वरतंतू सुजतात, जाड होतात आणि बाईचा आवाज खाली उतरतो. त्यांच्या आवाजातल्या कोणत्या छटेचं श्रेय दुःखाला द्यायचं आणि कोणत्या छटेचं धुराला, हे ध्वनिमुद्रिका ऐकून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना ही सरमिसळ ठाऊक होती. नाट्यशास्त्रकार भरताच्या आठ सात्त्विक भावांत घाम, रोमांच, अश्रू यांच्या जोडीला 'स्वरभेद' आहे, आणि आयुर्वेदात 'स्वरभेद' हेच रोगाचं नाव. चरक तर तो राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या लक्षणांत मोजतो. इथे मराठी वाचकाला देवासचे गायक कुमार गंधर्व आठवतील. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी केलं. काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा लांबलचक दमसासाची जागा छोट्या, झेपावणाऱ्या सुरावटींनी घेतली होती. जेवढा श्वास, तेवढं वाक्य.

ताणाचं तसंच आहे. भीतीने मान आणि कंठाचे स्नायू आवळतात, तोंडाला कोरड पडते, सूर वर सरकतो. रडू येताना शरीराला हवा जास्त हवी असते म्हणून कंठ उघडा राहू बघतो आणि त्याच वेळी आपण आवंढा गिळून तो मिटू बघतो. या ओढाताणीलाच आपण गळा दाटून आला म्हणतो. परगावच्या लेकीने फोनवर 'हॅलो' म्हणताच आई 'काय गं, काय झालं?' विचारते, ते यातलंच.

आणखी एक नवल आहे. डाव्या स्वरतंतूचा मज्जातंतू मेंदूकडून निघतो तो सरळ गळ्यात थांबत नाही. तो छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला खालून वळसा घालतो आणि परत वर येतो. त्यामुळे घशात काहीही बिघाड नसताना आवाज बसतो, आणि शोध घेतला तर गाठ फुप्फुसापाशी सापडते किंवा ती रक्तवाहिनीच फुगलेली निघते. थायरॉइड मंदावलं की आवाज जाडसर होतो. कंपवातात तो बारीक, एकसुरी होत जातो. माणूस ओरडतोय असं त्याला स्वतःला वाटतं आणि घरचे म्हणतात, 'जरा मोठ्याने बोला.'

एवढं कळतं म्हणून सगळंच कळतं असं मात्र नाही. आवाजातल्या ताणावरून खोटं पकडण्याचा दावा करणारी यंत्रं अमेरिकेत ओक्लाहोमाच्या तुरुंगात तपासली गेली, तेव्हा त्यांचा निकाल नाणेफेकीच्या फारसा पुढे गेला नाही. घाबरलेला खरा माणूस आणि सराईत खोटा यांत आवाज फरक करत नाही.

जिवंत स्वरतंतू पहिल्यांदा नीट पाहिले तेही एका गाणं शिकवणाऱ्यानेच. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आपल्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि ते गायले. नंतर वैद्यांनी हीच युक्ती उचलली. पुन्हा लखनौकडे वळायचं तर, रातंजनकर आणि बेगम अख्तर दोघेही १९७४ मध्येच गेले, ते फेब्रुवारीत, त्या ३० ऑक्टोबरला अहमदाबादेत. बाईंना लखनौला आणून पसंद बागेत आईच्या शेजारी दफन केलं.

वाचकांना एवढंच सांगणं: सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, तर खडीसाखर, ज्येष्ठमध पुरे करा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर तेवढेही थांबू नका. ते आरसा नाहीतर बारीक दुर्बीण घालून बघतात. पाच मिनिटांचं काम असतं.