दिसणारा मजकूर आणि साठलेला मजकूर : कार्यालयीन व संशोधनपर लेखनातील वर्ड प्रोसेसर

विद्यापीठांच्या विभागांतून प्रबंध, अहवाल, इतिवृत्ते, परिपत्रके व पत्रव्यवहार हे सर्व लेखन आज वर्ड प्रोसेसरवर होते. तथापि या साधनाचा वापर पुष्कळदा टंकलेखन यंत्रासारखाच केला जातो. मथळा मध्यभागी यावा म्हणून स्पेसची कळ पुनःपुन्हा दाबतात. नवे प्रकरण नव्या पानावर जावे म्हणून एंटरच्या कळीने रिकाम्या ओळी सोडतात. अनुक्रमणिकेतील पृष्ठांक हाताने लिहितात. पुढे मार्गदर्शकांच्या सूचनेवरून पहिल्या प्रकरणात एक परिच्छेद वाढला, की सर्व पाने सरकतात आणि अनुक्रमणिका मुळापासून तपासावी लागते. हे श्रम साधनाच्या उणिवेमुळे होत नाहीत. त्यांचे मूळ एका गैरसमजात आहे. टंकलेखन यंत्रात कागदावर जे दिसते तेच लेखन असते. वर्ड प्रोसेसरमध्ये मात्र पडद्यावर दिसणारा मजकूर आणि फाईलमध्ये साठलेला मजकूर या दोन निराळ्या गोष्टी होत. आणि शोध, क्रमवारी, अनुक्रमणिका, शुद्धलेखन-तपासणी ही सर्व कामे आज्ञावली करते ती साठलेल्या मजकुरावर. हा भेद कोणत्याही भाषेतील लेखनाला लागू आहे; मराठीच्या बाबतीत तो दुहेरी महत्त्वाचा ठरतो.

कागदापासून अलग झालेले लेखन

१९६४ साली आयबीएम या कंपनीने चुंबकीय फीत जोडलेले टंकलेखन यंत्र बाजारात आणले. टंकलेखकाने लिहिलेला मजकूर त्या फितीवर साठत असे व तो दुरुस्त करून पुन्हा आपोआप टंकित करता येत असे. लेखन कागदापासून अलग झाले ते येथे. १९७४ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांचे सहकारी यांनी 'ब्राव्हो' ही आज्ञावली रचली. तीत छापील पानाचे रूप पडद्यावरच दिसू लागले. पुढे सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली तेथून 'वर्ड' बाहेर पडले. पडद्यावर पानाचे हुबेहूब रूप दिसू लागल्याने साधन सोपे झाले. परंतु त्याच सोयीने, जे दिसते तेवढेच साठलेले असते, हा समजही दृढ केला. वास्तविक पहिल्या वर्डमध्येही 'स्टाईल शीट'ची, म्हणजे मजकुराच्या घटकांना नावे देऊन त्यांचे रूप एकदाच ठरविण्याची, योजना होती. ती आजही या साधनाचा कणा आहे.

शैलींचा उपयोग

मथळा निवडून त्याचा आकार वाढविला व तो ठळक केला, तर वाचकाला तो मथळा वाटतो. आज्ञावलीच्या लेखी मात्र तो मोठ्या अक्षरांचा एक परिच्छेदच राहतो. त्याच ओळीला 'हेडिंग १' ही शैली दिली, तर 'हा प्रकरणाचा मथळा आहे' ही गोष्ट फाईलमध्ये नोंदली जाते. या एका नोंदीवर पुष्कळ कामे उभी राहतात. प्रकरणांना 'हेडिंग १', विभागांना 'हेडिंग २' व उपविभागांना 'हेडिंग ३' अशा शैली दिल्या, की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पडद्याच्या कडेला सर्व मथळ्यांचा आराखडा दिसतो. त्या आराखड्यातील मथळा ओढून संपूर्ण विभाग दुसरीकडे हलविता येतो. मथळ्यांचा आकार बदलावयाचा झाल्यास शैलीत एकदा बदल करावा, तो सर्वत्र लागू होतो. 'प्रत्येक प्रकरण नव्या पानावर' ही अटही शैलीतच घालता येते, त्यामुळे रिकाम्या ओळींची गरज उरत नाही.

देवनागरी लेखनात येथे एक खाचखळगा आहे. वर्ड व लिबरऑफिस या दोन्ही आज्ञावल्यांत रोमन लिपीसाठी एक फॉन्ट व एक आकार, आणि देवनागरीसारख्या संयुक्ताक्षरी लिप्यांसाठी दुसरा फॉन्ट व दुसरा आकार, अशी स्वतंत्र नोंद असते. शैलीतील पहिलीच नोंद बदलली, तर मराठी मजकुरावर काहीच परिणाम झालेला दिसत नाही आणि शैली निरुपयोगी आहे असा ग्रह होतो. वर्डमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाखालील नोंद बदलली म्हणजे ही अडचण दूर होते.

तळटिपा, कोष्टकांचे क्रमांक व 'पाहा : कोष्टक ७' यांसारखे अंतर्गत संदर्भ यांनाही हेच तत्त्व लागू आहे. हाताने लिहिलेला 'सात' हा केवळ एक अंक होय. संदर्भाच्या आज्ञेने घातलेला 'सात' हा त्या कोष्टकाशी बांधलेला दुवा असतो. मध्ये एक कोष्टक वाढले, की सर्व मजकूर निवडून वर्डमध्ये एफ ९ ही कळ दाबताच तो 'आठ' होतो. प्रास्ताविक पानांना एक क्रम व मुख्य प्रबंधाला निराळा क्रम हवा असल्यास त्यांच्यामध्ये 'सेक्शन ब्रेक' घालावा. दोन फाईली करण्याचे कारण नाही.

लिपी आणि तिचे संकेतांक

दिसणे व साठणे यांतील अंतर मराठीत सर्वाधिक जाणवते ते अक्षरांच्या पातळीवर. संगणकावरील मराठी लेखनाच्या प्रारंभीच्या काळात रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीची चित्रे बसविलेले फॉन्ट रूढ झाले. कृतिदेव हे त्यांतील सर्वपरिचित उदाहरण. या फॉन्टमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठतो. फॉन्ट बदलला की ती पाच निरर्थक अक्षरे उघडी पडतात. छापील प्रतीत काहीच उणे दिसत नाही. परंतु आज्ञावलीच्या दृष्टीने त्या फाईलमध्ये मराठीचा एक शब्दही नसतो.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. युनिकोडमध्ये साठविला जातो तो वर्ण. त्याचे चित्र फॉन्ट पुरवितो. म्हणून 'कि' या अक्षरात वेलांटी आधी दिसत असली, तरी साठते ती 'क' नंतर. जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरसाधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांचे मुद्रितशोधन केल्यावाचून त्या प्रतीवर विसंबू नये.

एक रूप, दोन साठवणी

युनिकोड स्वीकारल्यानेही सर्व प्रश्न सुटतात असे नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' यांतील अंतर तर प्रसिद्धच आहे. यांतील 'ऱ्य' दोन प्रकारे साठविता येतो. एक, 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण, हलन्तचिन्ह व 'य' असा. दुसरा, साधा 'र', हलन्तचिन्ह, एक अदृश्य सांधणारे चिन्ह व 'य' असा. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. परंतु एका सहलेखकाने पहिली व दुसऱ्याने दुसरी पद्धत वापरली असल्यास 'शेतकऱ्यांचे' हा शब्द शोधताना निम्मी स्थळे सुटून जाण्याचा संभव असतो. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वीच्या लेखनात 'अ' व चंद्र ही दोन चिन्हे जोडून काम भागविले जाई. शब्दांच्या वारंवारितेवर निष्कर्ष काढणाऱ्या संशोधकाची संख्या अशा ठिकाणी चुकते आणि चूक कोठे झाली हे पानावर पाहून कळत नाही.

यावर उपाय साधा आहे. विभागाने एक पद्धत ठरवावी व 'शोधा आणि बदला' या आज्ञेने सर्व प्रतींत तीच रूपे आणावीत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र' च्याच कळीवर शिफ्टसह 'ऱ' मिळतो; म्हणून पहिली पद्धत स्वीकारणे सोयीचे.

मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदविणे हेही असेच दुर्लक्षिले जाणारे काम होय. देवनागरी लिपी मराठी, हिंदी, संस्कृत व नेपाळी यांना समान असल्याने केवळ अक्षरांवरून भाषा ओळखता येत नाही. नोंद हिंदीची असेल, तर शुद्धलेखन-तपासणी बिनचूक मराठी शब्दांखालीही लाल रेघा ओढते. 'ल' व 'श' यांची मराठी आणि हिंदी वळणे भिन्न असली, तरी त्यांचा संकेतांक एकच आहे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे आहेत, तेथे योग्य वळणाची निवड भाषेच्या नोंदीवरून होऊ शकते.

वर्णक्रम, शोध आणि सामान्यरूप

संदर्भसूची आपोआप अकारविल्हे लावताना संकेतांकांचा क्रम आणि मराठी वर्णमालेचा क्रम यांतील फरक ध्यानी घ्यावा. युनिकोडच्या पट्ट्यात 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. केवळ संकेतांकांनी क्रम लावल्यास काळे, कावळे, कासार अशी यादी होते. वर्णमालेप्रमाणे ती कावळे, कासार, काळे अशी हवी. 'क्ष' हा 'क' व 'ष' यांच्या संयोगाने साठत असल्याने 'क्षीरसागर' हे नाव 'क' च्या गटात जाते. क्रम लावण्याच्या आज्ञेत भाषा निवडण्याची सोय असते, ती वापरावी. आणि तरीही तयार यादी एकदा नजरेखालून घालावी.

शोधाच्या बाबतीत मराठी व्याकरणाचे भान हवे. 'शाळा' हा शब्द शोधला तर 'शाळेत', 'शाळेचा' ही रूपे सापडत नाहीत. 'शाळ' एवढाच भाग शोधला पाहिजे. याच कारणाने 'शाळा' च्या जागी 'विद्यालय' असा सरसकट बदल करणे धोक्याचे असते. 'शाळा' बदलते, 'शाळेत' तशीच राहते, आणि एका परिच्छेदात दोन संज्ञा नांदू लागतात.

एकच मसुदा शेकडो पत्त्यांवर पाठविण्यासाठी 'मेल मर्ज'ची योजना असते. एका कोष्टकात नावे, पदे व गावे ठेवावीत. पत्रात त्यांच्या जागा नोंदवाव्यात. पत्रे आपोआप तयार होतात. येथेही सामान्यरूप आड येते. 'पुणे' या शब्दाला 'स' जोडून 'पुण्यास' होत नाही, 'पुणेस' होते. म्हणून मसुद्यातच 'पुणे येथे', 'देशमुख यांना' अशी रचना योजावी, अथवा कोष्टकात सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवावा. वारंवार लागणाऱ्या पत्रांचे व इतिवृत्तांचे शैलींसह टेम्प्लेट करून ठेवल्यास विभागाच्या लेखनात एकरूपता येते. आणि मसुद्यावरील सूचना 'ट्रॅक चेंजेस'ने नोंदविल्यास कोणी काय बदलले हे स्पष्ट राहते.

जतनाचा प्रश्न

ही काळजी केवळ सोयीसाठी घ्यावयाची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले. अशा प्रती इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात ठेवल्या जातात. भांडारातील प्रबंध वाचकाला सापडतो तो बहुधा शोधाच्या मार्गाने. जुन्या फॉन्टमधील प्रबंध पीडीएफ केल्यावरही पानावर सुंदर मराठी दिसते. परंतु त्यात 'तमाशा' अथवा 'कूळकायदा' हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती सामान्यतः काही लागत नाही. छापून पुन्हा स्कॅन केलेली प्रत तर अक्षरांचे निव्वळ चित्र असते. उलट, युनिकोडमध्ये लिहिलेल्या व शैली लावलेल्या फाईलमधून थेट पीडीएफ काढल्यास मजकुराबरोबर मथळ्यांचा आराखडाही त्या प्रतीत उतरविता येतो. मूळ फाईल ओडीटी किंवा डॉकएक्स या स्वरूपात जपावी. ही स्वरूपे अनुक्रमे २००६ व २००८ साली आंतरराष्ट्रीय मानके म्हणून मान्य झाली असून त्यांची रचना प्रसिद्ध आहे. त्यामुळे आजची आज्ञावली उद्या मागे पडली तरी मजकूर वाचता येण्याची शक्यता अधिक राहते.

नव्या प्रबंधाचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याने पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी चार गोष्टी निश्चित कराव्यात : युनिकोड कळफलक, मजकुराच्या भाषेची नोंद, तीन मथळ्यांच्या शैली आणि 'ऱ्य' लिहिण्याची एकच पद्धत. या तयारीस फार तर एक तास लागतो. ती शेवटी करावयाची म्हटल्यास प्रबंधाचे प्रत्येक पान पुन्हा हाताळावे लागते; आणि ती केलीच नाही, तर अनेक वर्षांच्या परिश्रमाचे फळ भांडारात असूनही शोधणाऱ्याला नसल्यासारखे होते.