विरजण चांगलं हवं

अमेरिकेत आल्यावर पहिलं चांगलं विरजण कुणाच्या घरून आणलं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना अजून आठवत असेल. एक चमचाभर विरजण, पण पातेलंभर दह्याची चव त्यावर ठरते. आमच्या मंडळाची वेबसाइट सांभाळताना ही गोष्ट आम्हाला नव्याने कळली.

आम्ही म्हणजे नोकरी सांभाळून हे काम करणारे तिघे स्वयंसेवक. वेबसाइट कोऱ्या पाटीवरून कुणी सुरू करत नाही. मेनू, फोनवर नीट दिसणारी मांडणी, नोंदणीचा फॉर्म हे सगळीकडे तेच ते असतं. म्हणून तयार फायलींचा एक संच घ्यायचा, त्याची नक्कल करायची आणि आपला मजकूर भरायचा. याला म्हणतात 'स्टार्टर टेम्प्लेट' किंवा 'बॉयलरप्लेट'. २०१० साली आलेलं 'एचटीएमएल५ बॉयलरप्लेट' आणि २०११ साली ट्विटरमधल्या दोघांनी सर्वांसाठी खुलं केलेलं 'बूटस्ट्रॅप' यांवर हजारो साइट्स उभ्या राहिल्या.

'बॉयलरप्लेट' हा शब्द मात्र जुना, आणि इथलाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लहान गावांची वर्तमानपत्रं मजकुराच्या तयार धातूच्या पट्ट्या मागवत आणि उरलेल्या जागेत गावच्या बातम्या छापत. पट्टी बाहेरची, बातमी घरची!

आम्हीही असंच एक टेम्प्लेट उचललं. गणेशोत्सव, दिवाळी, मराठी शाळा, सगळी पानं त्यातूनच काढली. दोन संध्याकाळीत काम झालं म्हणून आम्ही खूश!

गणेशोत्सवात आरतीची वेळ बदलली. सूचना साइटवर लगेच टाकली. तरी आमच्यातल्या एकाची आई आरती संपल्यावर पोचली. त्यांना आता फारसं दिसत नाही. फोन वाचून दाखवतो ते ऐकतात. त्या म्हणाल्या, "अरे, तुमचं पान हॉलचा पत्ता तेवढा सांगतं. मराठी आलं की मुकं होतं." आम्हाला काय बोलावं ते सुचेना.

शोध घेतला तेव्हा दोष पहिल्याच ओळीत सापडला. पानाची भाषा कोणती, हे तिथे लिहायचं असतं. टेम्प्लेटमध्ये 'इंग्रजी' असं होतं आणि आम्ही तिकडे पाहिलंच नव्हतं. त्यामुळे वाचणारा प्रोग्रॅम इंग्रजी आवाज लावून देवनागरी गाळत होता. ती जागा नुसती रिकामी सोडली तरी भागत नाही, कारण देवनागरी हिंदीचीही लिपी. कुणी सांगितल्याशिवाय यंत्राला मराठी कशी ओळखू येणार? तिथे मराठीची खूण, म्हणजे 'एमआर' ही दोन रोमन अक्षरं, लिहिली की काम होतं. शिवाय ज्या टंकांत तशी सोय आहे, त्यांत 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे दिसू लागतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात जे वळण प्रमाण मानलं, तेच हे.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. टेम्प्लेटमधली शीर्षकं अक्षरं लांब लांब ठेवून सजवलेली होती. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडत. निवडलेल्या टंकात तर देवनागरी अक्षरंच नव्हती. दोष टेम्प्लेट करणाऱ्यांचा नाही. त्यांनी आपल्या घरासाठी केलं, आम्ही न चाखता वाढलं. आणि विरजणातला दोष सगळ्या पातेल्यात उतरतो, तसा तो आमच्या प्रत्येक पानात उतरला होता.

आता आम्ही मंडळाचं स्वतःचं टेम्प्लेट केलंय. भाषा मराठी, ओळी मोकळ्या, मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला विनामूल्य 'मुक्ता' टंक. ते कुणा एकाच्या लॅपटॉपवर नाही, तर मंडळाच्या नावाने 'गिटहब'वर ठेवलंय. २०१९ पासून तिथे असा संच 'टेम्प्लेट' म्हणून ठेवता येतो. पुढची समिती एका बटणावर नवी प्रत काढू शकते. सोबत मराठीत एक पानभर टिपणही आहे: काय बदललं आणि का.

विरजण शिळंही होतं, हेही लक्षात असू द्या. २०१६ साली फेसबुकने आणलेलं 'क्रिएट रिॲक्ट ॲप' एके काळी घरोघरी होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते नव्या कामांसाठी अधिकृतपणे निवृत्त झालं. म्हणून दर पाडव्याला आपलं टेम्प्लेट तपासायचं, असं आम्ही ठरवलंय.

दिवाळीच्या कार्यक्रमाची सूचना प्रसिद्ध करण्याआधी आम्ही ती त्याच आजींना पाठवली. त्यांनी फोन कानाशी धरला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "वेळ कळली. पण फराळाला काय आहे, ते कुठे लिहिलंय?"

तेही लगेच घातलं!